आधी उपकेंद्र, मग पॅनेल

मा. केंद्रीय ऊर्जामंत्री,
मा. केंद्रीय नवीन व नवीकरणीय ऊर्जामंत्री,
मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
आणि महावितरण व महापारेषण कंपन्यांची संचालक मंडळे यांस,



सौरऊर्जेला सरकार पैसा देत नाही, अशी माझी तक्रार नाही. पैसा मिळतो, अलीकडे तर सढळ हाताने मिळतो. पण तो पॅनेलपर्यंत जोमाने येतो आणि तिथून पुढे उपकेंद्र, तारा, साठवण आणि माणसं यांच्यापर्यंत पोहोचेस्तोवर आटतो. माझी सगळी नोकरी पारेषणाच्या उपकेंद्रांत गेली. वीज तयार होणं आणि ती कुणाच्या उपयोगी पडणं, या दोहोंच्या मधे किती यंत्रं, किती हात आणि किती खर्च लागतो, ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून हे पत्र. आणि ते जाहीर अशासाठी की हा पैसा लोकांचा आहे.

आधी जे चांगलं झालं ते सांगतो. देशाच्या एकूण स्थापित वीजक्षमतेत कोळसा, तेल, वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा जून २०२५ मध्ये निम्म्यावर गेला. हे २०३० पर्यंत करू असं आपण जगाला सांगितलं होतं. ते पाच वर्षं आधी झालं. महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, त्याचं लक्ष्य पुढे १६,००० मेगावॅटवर गेलं. वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावचा ३ मेगावॅटचा पहिला प्रकल्प सप्टेंबर २०२४ मध्ये चालू झाला. शेतकऱ्याला दिवसा वीज द्या, ही मागणी या राज्यात दोन पिढ्या जुनी आहे. थंडीत मध्यरात्री बॅटरी हातात घेऊन दारं धरायला गेलेल्या माणसाला साप चावला, जुन्नर-आंबेगावकडे बिबट्याने गाठलं, ओल्या हाताने स्टार्टरला शॉक बसला, या बातम्यांची आपल्याला सवय झाली होती. ती सवय मोडणारी ही योजना आहे. तिची वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. ती यशस्वी व्हावी असं मला मनापासून वाटतं, आणि तिच्या काळजीपोटीच पुढचं सगळं लिहितो आहे.

या योजनेचं मर्म ३३/११ केव्ही उपकेंद्रात आहे. गावाजवळच्या उपकेंद्राला लागून, पाच-दहा किलोमीटरच्या आत पॅनेल बसवायची, वीज तिथेच सोडायची आणि त्याच उपकेंद्रावरून निघणाऱ्या कृषी वाहिन्यांनी ती मोटारींना द्यायची. दूरवरून वीज आणण्यातली गळती वाचते. कागदावर याहून चांगली रचना सापडणार नाही. पण ही उपकेंद्रं बांधली गेली तेव्हा वीज वरून खाली येणार, एवढंच गृहीत होतं. १३२ केव्हीच्या केंद्रातून ३३ केव्हीची वाहिनी निघते, गावच्या उपकेंद्रात तिचे ११ केव्ही होतात, पुढे डीपी, आणि डीपीवरून मोटर. रिले, ब्रेकर, मीटर सगळं या एका दिशेच्या हिशेबाने लावलेलं.

आता ऑक्टोबरमधली एखादी दुपार डोळ्यांसमोर आणावी. परतीचा पाऊस होऊन गेला आहे, रानात ओल आहे, त्यामुळे मोटारी बंद. आकाश मात्र स्वच्छ आणि ऊन कडक. प्रकल्प पूर्ण जोराने वीज तयार करतो आणि ती घ्यायला खाली कुणी नाही. ती वीज उलटी वर चढू लागते, ११ केव्हीकडून ३३ कडे, ३३ कडून १३२ कडे. उपकेंद्रातलं व्होल्टेज वाढतं. ते उतरवण्यासाठी रोहित्राचा टॅप बदलायचा, तर लहान रोहित्रांवर पुष्कळ ठिकाणी त्यासाठी पुरवठा बंद करावा लागतो. व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की इन्व्हर्टर स्वतःच सुटतो, आणि तयार होऊ शकणारी वीज उन्हासकट वाया जाते. उलट बाजूही आहे. हरभऱ्याला, गव्हाला पाणी द्यायच्या दिवसांत, नेमकी गरज असताना, वरची ३३ केव्हीची वाहिनी पिनचा इन्सुलेटर फुटून ट्रिप झाली, तर प्रकल्पही त्याच क्षणी थांबतो. कारण ग्रीडचा आधार नसला की इन्व्हर्टरने वीज सोडायची नाही, असा सुरक्षिततेचा नियम आहे, आणि तो योग्यच आहे. म्हणजे लख्ख ऊन, उपकेंद्राशेजारी एकरच्या एकर पॅनेल, आणि शेतकरी बंद मोटरशेजारी उभा. त्या शेतकऱ्याने सौर योजनेला नावं ठेवली तर त्याला दोष कसा द्यायचा? दोष त्या जुन्या वाहिनीचा आहे, पण त्याला दिसतात ती पॅनेल.

पैशाचं गणित इथेच चुकतं. पीएम-कुसुम योजनेत कृषी वाहिनीच्या सौरीकरणासाठी केंद्र सरकार मेगावॅटमागे १ कोटी ५ लाख रुपयांपर्यंत साहाय्य देतं. तीन मेगावॅटच्या प्रकल्पाला ही रक्कम तीन कोटींच्या वर जाते. ज्या उपकेंद्रावर हा सगळा डोलारा उभा राहायचा, त्याच्या सुधारणेसाठी राज्याच्या योजनेत ठेवलेले आहेत २५ लाख. या रकमेत थोडी डागडुजी होते, एखादा ब्रेकर बदलतो, यार्डात खडी पडते. दहा एमव्हीएचं नवं रोहित्र त्यात येत नाही. दोन्ही दिशांनी काम करणारी संरक्षण यंत्रणा, चालू पुरवठ्यात टॅप बदलणारं रोहित्र, ३३ केव्हीची पर्यायी वाहिनी, यांचं तर नाव काढायला नको. वितरण व्यवस्था सुधारण्यासाठी केंद्राने २०२१ मध्ये ३ लाख ३ हजार ७५८ कोटींची मोठी योजना आणली, त्यातले ९७,६३१ कोटी केंद्राच्या अर्थसंकल्पातून. पण तिच्यातला जवळपास निम्मा खर्च आखला गेला मीटरसाठी. मीटर हिशेब ठेवतो. चढलेलं व्होल्टेज तो उतरवू शकत नाही.

महाराष्ट्राने हे एकदा पाण्याच्या बाबतीत अनुभवलं आहे. गोसीखुर्दचं भूमिपूजन १९८८ मध्ये झालं, तेव्हा अंदाजे खर्च ३७२ कोटी होता. २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. धरणाची भिंत उभी राहिली, गावं उठली, पाणी अडलं. कालवे आणि वितरिका मात्र वर्षानुवर्षं रखडल्या, आणि खर्च हजारो कोटींवर गेला. भिंतीचं उद्घाटन करता येतं, तिचे फोटो निघतात. चारीला फीत कोण कापणार? सौर प्रकल्प ही आजची धरणाची भिंत आहे, आणि ३३ केव्हीची वाहिनी म्हणजे शेवटची चारी. तीस वर्षांनी हेच गाऱ्हाणं विजेबद्दल ऐकायची वेळ येऊ नये.

आता मोठ्या तारांकडे येतो. महाराष्ट्राची ग्रीड ज्या काळात घडली त्या काळात वीज पूर्वेकडे तयार व्हायची आणि पश्चिमेकडे वापरली जायची. कोळसा चंद्रपूर-नागपूरकडे, कारखाने आणि शहरं मुंबई-पुण्याकडे. म्हणून राज्याने १९९९ मध्ये चंद्रपूर ते पडघा अशी साडेसातशे किलोमीटरची ५०० केव्ही एचव्हीडीसी वाहिनी कार्यान्वित केली. त्या काळात हे लहान काम नव्हतं, आणि ज्यांनी ते केलं त्यांचा मला अभिमान आहे. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला दक्षिणेची ग्रीड उरलेल्या देशाशी जोडली गेली ती रायचूर-सोलापूर या ७६५ केव्ही वाहिनीने. पण आज नवी वीज उगवते आहे ती धाराशिव, बीड, लातूर, सोलापूर, धुळे, नंदुरबार इथे. जिथे मोठे कारखाने कमी, मोठी शहरं कमी आणि म्हणून मोठ्या तारांचं जाळंही कधी दाट झालं नाही. नकाशा बदलला, तारा जुन्या नकाशावर आहेत.

याच कामासाठी केंद्राने हरित ऊर्जा मार्गिका योजना काढली. २०१५ च्या पहिल्या टप्प्यात आठ राज्यं होती, त्यात महाराष्ट्र होता. सुमारे ९,७०० सर्किट किलोमीटर वाहिन्या, २२,६०० एमव्हीए क्षमतेची उपकेंद्रं, खर्च १०,१४१ कोटी. त्यातले ४० टक्के केंद्राचं अनुदान, ४० टक्के जर्मन बँकेचं कर्ज, २० टक्के राज्यांचे. काम २०२० पर्यंत संपायचं होतं. बहुतेक राज्यांना मुदती वाढवून घ्याव्या लागल्या. जानेवारी २०२२ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला: १२,०३१ कोटी, त्यात ३३ टक्के केंद्राचं अनुदान. गुजरात, राजस्थान, कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, उत्तर प्रदेश, हिमाचल प्रदेश ही त्यातली राज्यं. या यादीत महाराष्ट्र नाही. त्याच्या पुढच्याच वर्षी राज्याने कृषी सौरऊर्जेचा तो संकल्प सोडला, जो पुढे १६,००० मेगावॅटवर गेला. एवढी वीज उभारणारं राज्य तिच्या तारांच्या योजनेत नसावं, हे मला पटत नाही, आणि कुठल्याही पक्षाच्या लोकप्रतिनिधीला ते पटू नये. मुंबईत आणि दिल्लीत यावर जेवढा आवाज उठायला हवा होता, तेवढा उठला नाही.

तारांचं काम सावकाश होतं, हे मी मान्य करतो. त्यातच आयुष्य गेलं. धोंदलगावचा प्रकल्प काही महिन्यांत उभा राहिला. अतिउच्चदाब वाहिनीला तीन-तीन, चार-चार वर्षं लागतात, कारण ती शेकडो शेतांवरून जाते. टॉवर रानात आला की जमिनीची किंमत पडते, ऊस तोडणीला अडचण होते, मुलगा तिथे घर बांधू शकत नाही. शेतकरी अडवतो तेव्हा तो विकास अडवत नसतो, आपलं नुकसान अडवत असतो. केंद्राने जून २०२४ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं दिली: टॉवरच्या पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या दुप्पट, आणि तारांखालच्या पट्ट्याला ग्रामीण भागात ३० टक्के. हे न्यायाचं पाऊल आहे. पण ही वाढीव भरपाई कुठून द्यायची? ती प्रकल्पाच्या खर्चात गेली की शेवटी वीजदरात येते, आणि राज्याच्या कंपनीचा हात आखडतो. या भरपाईला केंद्राच्या अनुदानात वेगळी जागा हवी.

तारा मागे राहिल्या की काय होतं, ते राजस्थानने २०२५ मध्ये पाहिलं. प्रकल्प तयार, ऊन भरपूर, आणि ७६५ केव्हीच्या वाहिन्या वेळेत पुऱ्या न झाल्यामुळे भर दुपारी हजारो मेगावॅट सौरवीज कापावी लागली. आंतरराज्य वाहिन्यांचा निदान आराखडा तरी आहे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वच्छ विजेच्या ५०० गिगावॅट क्षमतेसाठी लागणाऱ्या पारेषणाचा अंदाज २ लाख ४४ हजार कोटींचा मांडला. राज्याच्या आतल्या, तालुक्यातल्या तारांचा असा हिशेब लोकांसमोर कुणी मांडत नाही. कृषी वाहिनीची वीज तर तिथेच अडणार आहे.

आणि संध्याकाळ. दुपारी वीज स्वस्त आणि मुबलक, सहा वाजता सूर्य गेला की घराघरांत दिवे, पंखे, टीव्ही सुरू. ही दरी आज कोण भरून काढतं? एक, औष्णिक केंद्रं. दुपारी त्यांना ५५ टक्के भारापर्यंत खाली आणायचं, उद्या ४० टक्क्यांपर्यंत आणायचं असं २०२३ चे नियम सांगतात, आणि संध्याकाळी पुन्हा झपाट्याने वर न्यायचं. ज्यांनी बॉयलरवर काम केलं आहे त्यांना विचारावं, ट्यूब किती लवकर फुटतात ते. दुसरी कोयना. १,९६० मेगावॅटचं हे केंद्र काही मिनिटांत भार उचलतं, राज्याच्या संध्याकाळी त्याच्यावर निभावतात. पण त्याला वीजनिर्मितीसाठी वर्षाला मिळतं साधारण साडेसदुसष्ट टीएमसी पाणी. ते संपलं की संपलं. पाऊस ओढ देतो त्या वर्षी सांगली-सातारच्या शेताला पाणी द्यायचं की मुंबईच्या संध्याकाळला वीज, हा प्रश्न उभा राहतो. साठवण उभी राहिली तर कोयनेचं पाणी अडीनडीला शिल्लक राहील.

साठवणीचा धडा आपल्याकडे घाटघरला आहे. अकोले तालुक्यात प्रवरेवर वरचं धरण, कोकणकड्याखाली शहापूर तालुक्यात चोंढ्याला खालचं. २५० मेगावॅट, २००८ पासून. स्वस्त विजेने पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडायचं. तेव्हा स्वस्त वीज रात्रीची होती, आता ती दुपारची आहे. असे आणखी उदंचन प्रकल्प व्हावेत, सह्याद्रीचं जंगल राखून व्हावेत. पण करारांच्या बातम्या खूप झाल्या आणि डोंगरातल्या बोगद्यांना वेळ लागतो. बॅटरीला तेवढा वेळ लागत नाही. गेल्या काही वर्षांत निविदांमधले बॅटरीचे दर निम्म्याहून खाली आले आहेत. केंद्राने सप्टेंबर २०२३ मध्ये ४,००० मेगावॅट-तास साठवणीला ४० टक्क्यांपर्यंत साहाय्य मंजूर केलं. जून २०२५ मध्ये आणखी ३०,००० मेगावॅट-तासांसाठी ५,४०० कोटी, म्हणजे मेगावॅट-तासामागे १८ लाख. धोरण बरोबर आहे. फक्त ही साठवण सगळी मोठ्या केंद्रांवर एकवटू नये. तिच्यातला काही भाग कृषी सौर प्रकल्प जोडलेल्या उपकेंद्रांवर बसवला, तर ऑक्टोबरमधली ती उलटी चढणारी वीज तिथेच मुरेल, व्होल्टेज आवरेल आणि संध्याकाळी त्याच गावांना वीज मिळेल. एका खर्चात तीन कामं.

माणसांबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे, कारण निधीच्या चर्चेत त्यांचा रकानाच नसतो. पूर्वी वाहिनीवर काम करायचं तर उपकेंद्रातून परमिट घ्यायचं, ब्रेकर उघडायचा, आयसोलेटर खोलायचा, वायरमनने अर्थिंग टाकायचं आणि मग खांबावर चढायचं. वीज एकाच बाजूने यायची, ती बाजू तोडली की माणूस सुरक्षित. आता वाहिनीच्या दुसऱ्या टोकाला सौर प्रकल्प आहे, गावात घरांच्या छपरावर पॅनेल आहेत, कुणाकडे जनरेटर आहे. इन्व्हर्टर आपोआप बंद होतात हे खरं, पण आपोआप होण्यावर माणसाचा जीव सोपवायचा नसतो. दोन्ही बाजूंनी तोडणं, दोन्ही बाजूंना अर्थिंग, प्रकल्पाच्या माणसाशी फोनवर पक्की खातरजमा, त्याची नोंद. ही सगळी शिस्त नव्याने शिकवावी लागेल. ती शिकायची कुणी? बऱ्याच ठिकाणी उपकेंद्रावर बाह्यस्रोत कंत्राटावरचा तरुण एकटा पाळी करतो आहे. त्याला उलट दिशेचा प्रवाह म्हणजे काय ते कुणी शिकवलेलं नाही, कंत्राट संपलं की शिकलेलं घेऊन तो निघून जातो. कोट्यवधींचं यंत्र अशा व्यवस्थेच्या हवाली करणं हे यंत्रावरही अन्याय आहे आणि त्या पोराच्या आईबापांवर तर फारच मोठा. प्रत्येक प्रकल्पाच्या मंजुरीसोबत त्या उपकेंद्राच्या ऑपरेटरचं आणि जनमित्र म्हणवल्या जाणाऱ्या वायरमनांचं प्रशिक्षण, संरक्षक साधनं आणि कायम नेमणूक यांचा खर्च धरलाच पाहिजे.

स्पेन आणि पोर्तुगालमध्ये २८ एप्रिल २०२५ ला भर दुपारी संपूर्ण वीज गेली. व्होल्टेज चढत गेलं, ते आवरायला जी यंत्रणा सज्ज असायला हवी होती ती पुरी पडली नाही, आणि निर्मिती केंद्रं एकामागोमाग सुटत गेली. त्या देशांकडे पैसा, तंत्रज्ञान, अनुभव सगळं होतं. ते प्रकरण सौरऊर्जेविरुद्ध वापरणाऱ्यांशी मी सहमत नाही. स्वस्त आणि स्वच्छ वीज हवी असेल तर व्होल्टेज सांभाळण्यावरही तेवढ्याच गांभीर्याने खर्च करावा लागतो, एवढं त्यातून घ्यायचं.

आपल्याकडे माझं मागणं असं आहे. कृषी सौर प्रकल्पाच्या केंद्रीय साहाय्यातला किमान पाचवा हिस्सा त्या उपकेंद्रासाठी राखावा, आणि तो पॅनेलच्या आधी खर्च व्हावा. उपकेंद्र तयार नसेल तर प्रकल्पाची तारीख पुढे जाऊ द्या. लक्ष्य सहा महिन्यांनी गाठलं तरी चालेल. हरित ऊर्जा मार्गिकेचा पुढचा टप्पा काढाल तेव्हा महाराष्ट्राचं नाव त्यात असलं पाहिजे. राज्य सरकारने त्यासाठी मराठवाडा आणि खानदेशातल्या वाहिन्यांचा प्रस्ताव आताच तयार ठेवावा, नंतर धावपळ करू नये. बॅटरीच्या साहाय्यातला वाटा उपकेंद्र पातळीवर द्यावा. आणि महावितरणने दर महिन्याला प्रत्येक उपकेंद्राची तीन आकड्यांची यादी जाहीर करावी: किती युनिट तयार होऊ शकली असती, किती घेतली, किती सोडून द्यावी लागली. हे आकडे नोंदवणारी यंत्रणा उपकेंद्रावर बसवता येते, राज्य भार प्रेषण केंद्राकडे तज्ज्ञ माणसं आहेत. कमी आहे ती दाखवण्याची तयारी. आकडे लपले की दोष शेवटी शेतकऱ्याच्या मोटरवर नाहीतर ढगावर ढकलला जातो.

पुढच्या अर्थसंकल्पाची जुळवाजुळव दोन्ही सरकारांच्या कचेऱ्यांत सुरू होईल तेव्हा प्रत्येक योजनेसमोर किती मेगावॅट उभारणार, असा एक रकाना असेल. त्याच्या शेजारी, शेतात आणि घरात किती युनिट पोहोचवणार, असा दुसरा रकाना आपण घालावा, आणि अनुदानाचा शेवटचा हप्ता त्या दुसऱ्या रकान्यातल्या आकड्यावरच सोडावा.

आपला,
पारेषणातून निवृत्त झालेला एक अभियंता